राजूर परिसरातील भागीदारी: उद्योग, सेवाभावी संस्था आणि गाव

उद्योग आणि सेवाभावी संस्था यांची भागीदारी म्हणजे नफ्यासाठी चालणारी कंपनी आणि नफा न वाटणारी संस्था यांनी एका कामासाठी पैसा, माणसे, ज्ञान आणि जोखीम एकत्र आणणे. कंपनीकडे भांडवल असते, हिशेबाची शिस्त असते आणि मालाला गिऱ्हाईक कुठे मिळेल याची माहिती असते. संस्थेकडे वर्षानुवर्षे गावात राहून मिळवलेला विश्वास असतो. या भागीदारीची रूपे अनेक आहेत. कधी ती निव्वळ देणगी असते, कधी ठरावीक मुदतीचा सेवा-करार असतो, कधी मालाच्या खरेदीची हमी असते, तर क्वचित धंद्याची मालकीच सामाईक असते. दारिद्र्याशी तिचा संबंध सहज लक्षात येतो. शांततेशी असलेला संबंध उलगडून पाहावा लागतो, कारण येथे शांतता हा शब्द व्यापक अर्थाने घ्यावा लागतो: कर्ज, पाणी, जंगल आणि जमीन यांवरून उठणारे तंटे बोलून, कायद्याने आणि उघड हिशेबाने मिटू शकतील अशी स्थिती.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील राजूर हे गाव या प्रश्नाच्या अभ्यासासाठी विशेष उपयोगी आहे. अकोल्याहून भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे बाजाराचे गाव. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय येथे आहे, सत्यनिकेतन या शिक्षणसंस्थेच्या शाळा-महाविद्यालयात डोंगरातल्या वाड्यापाड्यांची मुले शिकतात, आणि राजूरचे पेढे धरण पाहायला आलेला प्रवासी आठवणीने घरी नेतो. भोवतालच्या खेड्यांत मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती आहे. काही ठिकाणी कातकरी आहेत. कळसूबाई, रतनगड आणि हरिश्चंद्रगड यांच्या कुशीतल्या या मुलखाला डांगाण म्हणतात.

डांगाणाचे दारिद्र्य आकडेवारीत सहसा दिसत नाही. अहिल्यानगर हा साखर कारखान्यांचा, दूध संघांचा आणि सहकाराचा जिल्हा. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये सुरू झाला आणि पुढे साऱ्या देशाने त्याचा कित्ता गिरवला. अशा जिल्ह्याची सरासरी चांगलीच येते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये देशातील ११२ जिल्हे आकांक्षित म्हणून निवडले, त्यांत महाराष्ट्रातील गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) हे चार होते. नगरचे (आताच्या अहिल्यानगरचे) नाव त्यात येण्याचा प्रश्नच नव्हता. जिल्हा हे एकक धरून मदतीचे नकाशे काढणाऱ्या कंपन्यांच्या नजरेतून राजूरसारखा कोपरा असा निसटतो. दारिद्र्य तालुक्यात, किंबहुना डोंगराच्या एका उतारावर, साचलेले असते. जिल्ह्याच्या सरासरीवर विसंबलेली कोणतीही योजना येथे पहिल्याच पायरीवर चुकते.

या दारिद्र्याचे मूळ पाण्याच्या अभावात नाही. घाटघर-रतनवाडीत काही वर्षी ५,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. उतार तीव्र, माती पातळ, खाली कातळ. पडलेले पाणी चार महिन्यांत वाहून जाते आणि फेब्रुवारी-मार्चपासून बायका हंडे घेऊन झऱ्यांच्या शोधात निघतात. वाहून जाणारे पाणी अडले ते खालच्या लोकांसाठी. प्रवरा नदीवरचे भंडारदरा धरण १९१० ते १९२६ या काळात बांधले गेले. सुमारे ८२ मीटर उंचीच्या आणि ११ अब्ज घनफूट पाणी साठवणाऱ्या या दगडी बांधाने राहाता-श्रीरामपूरकडचा ऊस उभा केला. वरच्या खेड्यांना मात्र पावसाळी भात, नागली, वरई आणि खुरासणी एवढाच आधार उरला. दिवाळीनंतर कामासाठी बाहेर पडणे हे येथील वार्षिक वेळापत्रक आहे. नारायणगावच्या मजूर बाजारात पहाटे उभे राहायचे, भाजीच्या किंवा द्राक्षाच्या बागायतदाराबरोबर रोज ठरवायचा आणि आवणीच्या (भातलावणीच्या) वेळी परत यायचे. कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, आणि ती उचल फिटेपर्यंत भट्टी सुटत नाही.

उचल हा शब्द येथे महत्त्वाचा, कारण या भागातील अशांततेचा इतिहास कर्जापासूनच सुरू होतो. देवगावचे राघोजी भांगरे यांनी १८४४ च्या सुमारास सुरू केलेले बंड इंग्रज सत्तेविरुद्ध होते, तसेच सावकारीविरुद्धही होते. त्यांचे वडील रामजी भांगरे यांनीही त्याआधी शस्त्र उचलले होते. कर्जाची खते सावकाराच्या पेटीत, जमीन सावकाराच्या नावावर आणि दाद मागायला जावे ते न्यायालय खतावरचा अंगठा पुरावा म्हणून मान्य करणारे, अशी ती कोंडी होती. बंडखोरांनी सावकारांची नाके कापल्याच्या नोंदी सरकारी दप्तरांत आहेत. राघोजींना १८४८ च्या जानेवारीत पंढरपुरात पकडण्यात आले आणि त्याच वर्षी २ मे रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. १८५७ च्या धामधुमीत सरकारने याच डोंगरातले तरुण भरती करून कोळी पलटण उभारली आणि १८६१ मध्ये ती मोडली. नियमित पगाराने डोंगर शांत राहतो हे राज्यकर्त्यांना कळले होते. तो पगार कायम ठेवावा असे त्यांना वाटले नाही.

पुढचा उद्रेक पठारावर झाला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खते जाळली, आणि ते लोण नगर जिल्ह्यातही पसरले. या दंग्यात माणसे मारण्यापेक्षा कागद जाळण्यावर भर होता, आणि तेवढ्यावरून त्याचे कारण स्पष्ट होते. चौकशी आयोग नेमला गेला, १८७९ मध्ये दक्षिणेतील शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला आणि १९०४ च्या कायद्याने सहकारी पतपेढ्यांची वाट मोकळी झाली. अन्याय्य कराराने तंटा पेटतो आणि करार बदलला की तो निवतो, ही गोष्ट या जिल्ह्याने एकोणिसाव्या शतकातच अनुभवली. आजच्या भागीदारीची परीक्षाही त्याच प्रश्नावर घ्यावी लागते: करार कोणी लिहिला, भाव कोणी ठरवला आणि वही कोणाच्या घरी आहे.

स्वातंत्र्यानंतर सावकाराची जागा घेण्याचा प्रयत्न प्रथम सरकारने केला. १९७२ मध्ये राज्य सहकारी आदिवासी विकास महामंडळ स्थापन झाले. १९७६ च्या कायद्याने आदिवासी भागात शेतमाल आणि वनोपज यांच्या एकाधिकार खरेदीची तरतूद झाली, आणि पावसाळ्यातील उपासमारीच्या दिवसांसाठी खावटी कर्ज देण्याची पद्धत आली. कल्पना योग्य होती. पण खरेदी केंद्र वेळेवर उघडले नाही, पैसे उशिरा मिळाले की माणूस पुन्हा गावातल्या व्यापाऱ्याकडेच जातो, कारण तो रात्रीबेरात्री दार उघडतो आणि रोख देतो. सरकार आणि व्यापारी यांच्यामधली ही मोकळी जागा भरण्यासाठी सेवाभावी संस्था पुढे आल्या.

डोंगरातली तीन कामे

नगर जिल्ह्यातील अशा कामांत पाणलोट विकासाचे काम बरेच जुने आणि खूप अभ्यासलेले आहे. स्वित्झर्लंडमधून आलेले जेझुइट धर्मगुरू हर्मन बाखर यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाची कल्पना मांडली. जर्मन सरकारचा पैसा, नाबार्ड या ग्रामीण विकासाच्या बँकेची आर्थिक देखरेख आणि गावोगावच्या संस्थांचे काम अशी तिची बांधणी होती. तिला माणसे घडवून देण्यासाठी १९९३ मध्ये ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’ ही संस्था स्थापन झाली. संगमनेर तालुक्यातील दरेवाडी हे तिचे गाजलेले गाव. अकोल्याच्या डोंगरातही संस्थेने काम केले. पैसा येण्यापूर्वी गावाने आपली तयारी सिद्ध करायची, हे या कार्यक्रमाचे वैशिष्ट्य होते. श्रमदान करायचे, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळायची, ग्राम पाणलोट समिती नेमायची आणि माथ्यापासून पायथ्याकडे चर, बांध, झाडे असे काम करत उतरायचे.

श्रमदानाच्या अटीमुळे गावाला कामावर हक्क सांगता येतो. फुकट आलेला बांध फुटला तर तो सरकारचा किंवा कंपनीचा असतो. स्वतः खणलेला चर बुजला तर रात्री झोप लागत नाही. तरीही या अटीचा बोजा सर्वांवर सारखा पडत नाही. चराईबंदीची झळ शेळ्यामेंढ्यांवर जगणाऱ्या घराला पहिल्याच वर्षी बसते, आणि पाण्याचा लाभ मात्र ज्याच्याकडे उताराखाली विहीर आहे त्याला मिळतो. भूमिहीनांसाठी वेगळी तजवीज केली नाही तर पाणलोटाचे उत्तम कामही गावात नवी तेढ निर्माण करते. मासेमारीचा हक्क, गवत कापण्याचा हक्क, रोपवाटिकेचे काम अशा भरपाया आधी ठरवाव्या लागतात.

दुसरे काम बाएफचे. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचन येथे ही संस्था स्थापन केली. संकरित गाईंपासून सुरू झालेले तिचे काम १९८० च्या दशकात दक्षिण गुजरातच्या वांसदा भागात ‘वाडी’ या कल्पनेपर्यंत पोचले. एकरभर पडीक जमिनीत आंबा आणि काजू, कडेने जळणाची व चाऱ्याची झाडे, मधल्या पट्ट्यात धान्य आणि पहिली काही वर्षे पाणी घालण्याची सोय, असे या वाडीचे स्वरूप. नाबार्डने २००३-०४ पासून आदिवासी विकास निधी उभारून ही पद्धत अनेक राज्यांत नेली. आंब्याची वाडी लागली म्हणजे दिवाळीनंतर घर बंद करून निघण्याची गरज कमी होते. झाडांना पाणी घालायला कोणीतरी थांबते, थांबलेल्या घरातली मुले शाळेत राहतात.

अकोल्यात बाएफचे नाव सर्वदूर गेले ते बियाण्यांमुळे. कोंभाळणे गावच्या राहीबाई सोमा पोपेरे यांनी शाळेचे तोंडही पाहिले नव्हते. घरच्या परसात आणि मातीच्या मडक्यांत त्यांनी वाल, घेवडे, भाज्या, भात यांचे देशी वाण राखले. संस्थेच्या मदतीने त्याची बीजबँक झाली आणि कळसूबाई परिसर बियाणे संवर्धन समिती उभी राहिली. राखलेल्या वाणांची संख्या शंभरावर गेली. २०१८ चा नारीशक्ती पुरस्कार आणि २०२० ची पद्मश्री त्यांना मिळाली. काळभात आणि जिरवेल हे येथील सुवासिक तांदूळ. ते शहरातल्या ताटापर्यंत चांगल्या भावात जाऊ शकतात हे या कामामुळे अनेकांच्या ध्यानात आले. येथे भागीदारीचा क्रम उलटा आहे आणि त्यातच तिचे यश आहे. ज्ञान बाईचे होते. संस्थेने नोंद, साठवण आणि बीजप्रक्रियेची जोड दिली. बाजार शेवटी आला. बहुतेक योजनांत बियाणे बाहेरून येते, त्यामागे खत आणि त्यामागे उधारी येते.

तिसरे उदाहरण धंद्याचेच आहे. अकोले तालुक्यातील पुरुषवाडीत पाणलोटाचे काम झाल्यानंतर २००६ च्या सुमारास ग्रासरूट्स ही ग्रामीण पर्यटनाची कंपनी आली. मुंबई-पुण्याचे पाहुणे गावात आणायचे, त्यांनी गावकऱ्यांच्या घरी राहायचे, घरचे जेवण जेवायचे आणि पावसाच्या तोंडावर झाडांवर लुकलुकणारे काजवे पाहायचे, अशी ही मांडणी. पाहुणे घरांत पाळीने वाटले जातात, वाटाड्याचे आणि स्वयंपाकाचे काम गावातच राहते. आधी सेवाभावी संस्थेने गावाला समिती चालवण्याची, ठराव लिहिण्याची, सामाईक पैसा सांभाळण्याची सवय लावली होती, म्हणून कंपनीला बोलणी करायला एक तयार गाव मिळाले. शेजारच्या भंडारदरा परिसरात असे झाले नाही. १९८६ मध्ये जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात काजव्यांच्या दिवसांत गाड्यांच्या रांगा लागतात, झाडाखाली दिवे पेटतात आणि काजव्यांचाच नाश होतो. उत्पन्न तंबू टाकणाऱ्याला मिळते, कचरा गावाला. काजवे दोन्हीकडे तेच, पाहुणेही तेच. फरक आधीच्या तयारीत आहे.

कंपनी कायद्याने काय बदलले

२०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले आणि तोवर ऐच्छिक असलेली गोष्ट कायद्यात आली. ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य ५०० कोटी रुपये, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यांपैकी एका मर्यादेला पोचतो, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्चावी अशी ही तरतूद. भूक आणि दारिद्र्य निवारण हा कायद्याच्या सातव्या अनुसूचीतील पहिलाच विषय आहे. २०२१ च्या बदलांनी न खर्चलेल्या पैशाचा हिशेब कडक केला, आणि पैसा घेणाऱ्या संस्थांना नोंदणी सक्तीची केली.

सेवाभावी क्षेत्रात पूर्वी कधी नव्हता इतका नियमित पैसा यामुळे आला, हे मान्य करायला हवे. परकीय देणग्यांवरील निर्बंध वाढत असताना अनेक संस्था याच पैशावर तगल्या. पण या कायद्याची चौकट डांगाणाला जराशी आखूड पडते. चालू प्रकल्पाची मुदत सुरुवातीचे वर्ष सोडून तीन वर्षे. वाडीतला आंबा चौथ्या-पाचव्या वर्षी धरतो. पाणलोटाचा गुण विहिरीत दिसायला दोन-तीन पावसाळे जातात. बचत गटातल्या बाईला बँकेच्या व्यवस्थापकासमोर खुर्चीवर बसायला त्याहून अधिक. कंपनीने आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावे, असे कायदा सुचवतो. साहजिकच मुंबई, ठाणे, पुणे येथे आणि कारखान्यांच्या पट्ट्यांत पैसा गोळा होतो. कारखाना नसलेल्या खोऱ्यात तो पोचायला कोणाला तरी तो हट्टाने मागावा लागतो. शिवाय वर्षअखेरीला दाखवता येईल अशा गोष्टींकडे ओढा राहतो. इमारत, संगणक, पाण्याची टाकी यांचे छायाचित्र निघते. गटाची बैठक नीट चालू लागली, याचे छायाचित्र निघत नाही.

प्रशासकीय खर्चाबाबत कंपन्यांनी आखडलेला हात हा तर संस्थांचा नेहमीचा घोर आहे. गावात मुक्काम करणारा कार्यकर्ता हाच या कामाचा कणा. त्याचा पगार ‘वरखर्च’ म्हणून कापला की उरते ते साहित्यवाटप. वाटपाने दारिद्र्य हटत नाही, आणि कोणाला मिळाले, कोणाला नाही यावरून वाडीवाडीत रुसवे मात्र वाढतात.

इतर ठिकाणचा अनुभव

नोबेल समितीने २००६ चा शांतता पुरस्कार बांगलादेशातील मुहम्मद युनूस आणि ग्रामीण बँक यांना दिला, तेव्हा दारिद्र्य आणि शांतता यांचा संबंध जगाच्या चर्चेत ठळकपणे आला. त्याच वर्षी ग्रामीण समूह आणि दानोन ही फ्रेंच अन्नकंपनी यांनी मिळून कुपोषित मुलांसाठी स्वस्त, पोषक दही बनवण्याचा उद्योग काढला. बोगरा येथील छोट्या कारखान्यासाठी दूध भोवतालच्या लहान शेतकऱ्यांचे आणि विक्री गावातल्या बायकांची. भागधारकांनी नफा काढून घ्यायचा नाही, असा त्याचा नियम. पण दुधाचा भाव वाढला की स्वस्त दह्याचे गणित बिघडते, हेही तेथे लवकरच दिसले.

ग्रामीण बँकेने रूढ केलेल्या सूक्ष्म कर्जाची दुसरी बाजू आंध्र प्रदेशात दिसली. तेथे वित्तकंपन्या भराभर वाढल्या, एकाच घराला तीन-चार ठिकाणचे कर्ज मिळू लागले, वसुलीचा जाच आणि आत्महत्यांच्या बातम्या आल्या. ऑक्टोबर २०१० मध्ये राज्य सरकारला अध्यादेश काढावा लागला. सेवाभावी म्हणून सुरू झालेल्या संस्था नफ्याच्या कंपन्या झाल्या, की गटातल्या बाईचा विश्वासच तारण म्हणून वापरला जातो. नगरच्या शेतकऱ्याला १८७५ मध्ये जे भोगावे लागले, त्याचीच ही नवी आवृत्ती होती. याउलट सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये स्थापन झालेली माणदेशी महिला सहकारी बँक सभासद बायकांच्याच मालकीची आहे. बायकांना व्यवहार शिकवणाऱ्या, तिच्याशी जोडलेल्या उद्योगशाळेला एचएसबीसी या मोठ्या बँकेने आधार दिला. मोठ्या बँकेचा पैसा आला, मालकी म्हसवडमध्येच राहिली.

युद्धाशी थेट संबंध असलेले उदाहरण हिऱ्यांचे. अंगोला आणि सिएरा लिओनमधील बंडखोर टोळ्या हिरे विकून शस्त्रे घेत. ग्लोबल विटनेस या संस्थेने १९९८ मध्ये अंगोलातील हा व्यवहार उघडकीस आणला. सरकारे, हिरे कंपन्या आणि संस्था एकत्र बसल्या आणि २००३ पासून किंबर्ली प्रमाणपत्राची पद्धत लागू झाली. सुरतेत पैलू पडणाऱ्या आणि मुंबईत विकल्या जाणाऱ्या हिऱ्यांनाही ती लागू आहे. परंतु सरकारी बळानेच खाणीत होणारे अत्याचार तिच्या व्याख्येत बसेनात, म्हणून ग्लोबल विटनेस २०११ मध्ये तिच्यातून बाहेर पडली. टेबलावरून उठून जाण्याचे धैर्य संस्थेकडे नसेल, तर तिची सही कंपनीच्या कामी शोभेपुरतीच येते.

महाराष्ट्रातील सर्वांत बोलका अनुभव गडचिरोलीतील मेंढा-लेखाचा. देवाजी तोफा आणि वृक्षमित्र संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या अभ्यासगटांतून या गोंड गावाने सर्वसंमतीने निर्णय घेण्याची रीत बसवली. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये त्याला सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक पासाचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले आणि ग्रामसभेने निविदा काढून बांबू विकला. बांबू तोच. पण आता व्यापाऱ्याला ग्रामसभेच्या अटींवर बोली लावावी लागली आणि मजुरीबरोबर मालकीचे पैसेही गावात आले. नक्षलवाद आणि पोलीस यांच्या कात्रीत सापडलेल्या जिल्ह्यात एका गावाने तिसरी वाट काढली, ती अशा विक्रीच्या वहीतून.

पाणी, जंगल आणि तंटे

राजूर परिसरात आज बंडाची भाषा नाही, पण तंट्याचे विषय मिटलेले नाहीत. पहिला विषय पाण्याचा. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात समन्यायी पाणीवाटपाची तरतूद आली. त्या आधारे तुटीच्या वर्षी मराठवाड्यातील जायकवाडीसाठी भंडारदरा आणि मुळा धरणांतून पाणी सोडावे लागते. नगर आणि मराठवाडा यांच्यात त्यावरून आंदोलने आणि न्यायालयीन लढे झाले. या भांडणात दोन्ही बाजूंना बागायतदार असतात. ज्यांच्या शिवारात ते पाणी पडते त्या डोंगरातल्या गावांना त्यात बोलावलेच जात नाही. खालच्या खोऱ्यातले साखर आणि दूध उद्योग वरच्या पाणलोटावर जगतात. त्यांच्या सामाजिक निधीचा एक ठरलेला वाटा वरच्या उतारांवरील माती अडवण्यासाठी, झरे राखण्यासाठी आणि छोट्या उपसा योजनांसाठी जावा, हा विचार न्यायाचा आहे आणि त्यांच्या हिताचाही: वरची माती वाहिली तर गाळ धरणातच येतो.

दुसरा विषय जमीन आणि जंगलाच्या हक्काचा. किसान सभेचा मोर्चा एप्रिल २०२३ मध्ये अकोल्याहून लोणीकडे निघाला. वनजमिनीचे हक्क आणि दूधदर हे मागण्यांमध्ये होते, आणि वाटेतच मंत्र्यांशी चर्चा झाली. राघोजींच्या मुलखातील माणसे उन्हातान्हात शिस्तीने चालत जाऊन मागणी मांडतात, ही शांततेची मोठी कमाई आहे आणि ती चळवळींची आहे. कंपन्या अशा मोर्चांपासून सावधपणे लांब राहतात. सेवाभावी संस्थाही निधी जाईल म्हणून हक्काचा विषय टाळू लागल्या आहेत. ही चूक आहे. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या माणसाला वाडी लावता येत नाही, विहिरीला कर्ज मिळत नाही. हक्काचे काम कोणी तरी केल्याशिवाय विकासाच्या कामाला जमीनच नसते.

राहिलेली कामे

डांगाणात दोन गोष्टी अजून भागीदारीची वाट पाहत आहेत. एक डांगी जनावर. मुसळधार पावसात, चिखलात, कातळावर काम करणारी ही जात. कातडीतून पाझरणाऱ्या तेलकट द्रव्यामुळे पावसाचा तिला त्रास होत नाही, खूर टणक असतात. राजूरला दरवर्षी भरणारे डांगी जनावरांचे प्रदर्शन पंचक्रोशीत मानाचे आहे, आणि बैलजोडी सजवून आणणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहण्यासारखा असतो. पण भाताच्या चिखलणीला यंत्रे आली, दुधासाठी संकरित गाय बरी पडते, त्यामुळे डांगीची संख्या राखणे एकट्या शेतकऱ्याला परवडत नाही. वळूंची जोपासना, नोंदवही, शेणखताला आणि दुधाला वेगळा भाव या गोष्टी संस्था आणि दूध उद्योग यांनी मिळून केल्या तरच ती टिकेल.

दुसरी गोष्ट हिरडा. अकोले, जुन्नर आणि आंबेगावच्या डोंगरांत उन्हाळ्याच्या तोंडावर बाळहिरडा गोळा करून वाळवतात. औषधात, रंगात आणि कातडी कमावण्यात तो लागतो, आणि आवणीपूर्वीच्या कोरड्या महिन्यांत रोख पैसा देणारे हे जवळजवळ एकमेव पीक आहे. आदिवासी विकास महामंडळाची खरेदी ज्या हंगामात मंदावते, त्या हंगामात भाव व्यापारी ठरवतो. औषध कंपन्यांना वर्षभर खात्रीचा, स्वच्छ, वाळवलेला माल हवा असतो. गावाला आगाऊ ठरलेला भाव हवा असतो. १९९६ चा पेसा कायदा आणि राज्याचे २०१४ चे नियम यांनी अनुसूचित क्षेत्रातील गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेला दिली आहे. म्हणजे करारावर सही करण्याचा अधिकार गावाकडे आहे; साठवणीचे गोदाम, प्रतवारी, वजनाचा खरा काटा आणि हंगामापुरते खेळते भांडवल यांची उणीव आहे. गोदाम आणि भांडवल कंपनीने पुरवावे, प्रतवारी आणि हिशेब संस्थेने शिकवावेत, भाव ग्रामसभेत हंगामापूर्वी जाहीर व्हावा आणि वही शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर सर्वांना वाचता येईल अशी लावावी, इतपत ही व्यवस्था सोपी आहे. आश्रमशाळांत शिकलेली मुले-मुली आता प्रत्येक वाडीत आहेत. काट्यावरचा आकडा वाचायला आणि वही लिहायला बाहेरचा कारकून लागत नाही.